ताईच्या वालाचं बी

माझ्या थोरल्या बहिणीचा वाल मी मारला. दुसऱ्या कुणी नाही, मीच. आणि मी कोण, तर शहापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणारी बाई. बावीस वर्षं मी फळ्यावर पेशी काढते, पेशीभोवती पडदा काढते आणि पडद्यातून पाणी कसं आतबाहेर जातं याचे बाण काढते. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हे असं. आजवर हे मी कुणाजवळ बोलले नाही. आता बोलायला बसलेच आहे तर पहिल्यापासून आणि सगळं सांगते. अर्धवट सांगायची मला खोड आहे आणि त्या खोडीनेच घात केला.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ताई अठराची. टोकावड्याच्या पुढे, रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. ताईचं लग्न गावातच झालं, पण भावोजी लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. ती परत वडलांच्या घरात आली आणि शेत कसायला लागली. पावसाळ्यात भात आणि भात कापून झालं की वाल. मी वसतिगृहात राहून शिकले ते तिच्या जिवावर. मी चष्मा लावून पुस्तकं वाचत होते तेव्हा ती पोटरीभर चिखलात उभी होती. हे मी गौरव म्हणून सांगत नाही. तसंच होतं, म्हणून सांगते.

तिचा वाल म्हणजे आईच्या माहेरून आलेला वाल. दाणा बारका, तांबूस, डोळा पांढराशुभ्र. बाजारातला वाल जाड आणि फिकट असतो, त्याच्या बिरड्याला कसलीही चव नसते, उगाच खोबरं घालून घालून चव आणावी लागते. ताईच्या वालाचं बिरडं पहिल्या घासाला कडू लागायचं आणि मग मागून जिभेवर गोडी यायची. पूर्वी गावात घरटी असा आपापला वाल होता. आता तरणी माणसं सकाळी मुरबाडच्या कारखान्यांत जातात, भातकापणीनंतर गुरं मोकळी सुटतात, मग राखण करणार कोण? वाल पेरायचंच लोकांनी सोडलं. ताई मागेल त्याला बी द्यायची. ज्यांना दिलं त्यांनी पेरलं नाही, सोलून खाल्लं आणि छान होतं म्हणून निरोप पाठवला. शेवटी तो वाल एकट्या तिच्याकडे उरला.

त्याची पेरणी ती कशी करायची ते मी लहानपणी पाहिलं होतं. आदल्या दिवशी बी राखेतून काढून निवडायचं आणि बांबूच्या टोपलीत घालायचं. गोणपाट पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि टोपलीच्या काठावर ताणून ठेवायचं, बियाला टेकता कामा नये असं. मग ती टोपली चुलीच्या उबेला एक दिवस आणि एक रात्र. याला ती ‘बियाला घाम आणायचा’ म्हणायची. सकाळी दाणा हाताला किंचित मऊ लागायचा, पण वरून कोरडाच असायचा. मग शेतातल्या ओलीत पेरायचा. पाण्यात तिने वाल कधी भिजवला नाही. पाण्यात भिजवायचा तो बिरड्याचा, असं म्हणायची.

गेल्या भाद्रपदात तिला झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. डोकं मात्र शाबूत. दवाखान्यातून तिला मी सरळ शहापूरला माझ्या घरी आणलं. माझा नवरा नोकरीपायी बाहेरगावी असतो, पंधरा दिवसांनी येतो, तेव्हा घरात आम्ही दोघीच. मी कॉलेजात असताना तिच्यापाशी बसायला एक बाई यायची. तिचे कपडे आणायला मी गावी गेले तेव्हा तिने एकच गोष्ट आठवणीने आणायला सांगितली. डाव्या हाताची मूठ करून, बोबड्या तोंडाने, ‘वाल. डबा. माळ्यावं.’

डबा आणला. त्यातलं बी, जेमतेम दोन शेर, तिने डाव्या हाताने चाळवून पाहिलं आणि मान हलवली. मग मी माझं शहाणपण सुरू केलं. पावसाळी हवा, डब्यात राख, भुंगा लागेल. मी राख पाखडून टाकली, बी काचेच्या बरणीत भरलं, औषधांच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या येतात त्या घरात होत्या तेवढ्या आत टाकल्या आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवली. अडीच महिने. दाणे दगडासारखे कोरडे झाले. मला वाटलं, वा, बियाणं साठवावं तर असं.

मार्गशीर्षात भात निघालं. गावातल्या चुलतवहिनीचा फोन आला, ‘वन्सं, जमिनीतली वल सुकाया लागलीय. वाल टाकायचा आसंल तर या रव्वारी या.’ माझ्याकडे रविवारच असतो. शनिवारी कॉलेज, वर परीक्षेचे पेपर. म्हणजे बी शुक्रवारी भिजवायचं आणि रविवारी पेरायचं. पण शुक्रवारी भिजवलं तर रविवारपर्यंत मोड लांब येतील, मोडतील. यावर मी काय केलं असेल? मी माझं शास्त्र लावलं. थंडीत पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा तोच पडदा, घट्ट होतं, त्यातून पाणी सावकाश जातं, हे मी दरवर्षी शिकवते. मग फ्रीजमध्ये भिजवलं तर बी सावकाश पाणी पिईल, मोड दबून राहतील, रविवारी पेरायला अगदी बेताचं. एवढा विचार केला हो मी! नुसती निष्काळजी असते तर पुष्कळ बरं झालं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी पातेल्यात सगळं बी घातलं. सगळं. मूठभर मागे ठेवावं एवढीही अक्कल सुचली नाही. त्यावर फ्रीजमधल्या बाटल्यांचं गार पाणी ओतलं आणि पातेलं पुन्हा फ्रीजमध्ये सरकवलं. आतल्या खोलीतून ताईने हाक मारली. मी हात पुसत दारात गेले. तिने अगदी हळू विचारलं, ‘घाम आनलास का गो, बियाला?’

माझ्यापुढे पेपरांचा गठ्ठा होता. तिला सगळं समजावत बसायचं म्हणजे अर्धा तास जाणार. मी म्हटलं, ‘हो हो, आणला. तू पड.’

तिने मान फिरवली आणि मी पेपर तपासायला बसले.

रविवारी सकाळी पातेलं बाहेर काढलं तर पाणी दुधट झालेलं, वर फेस. बोट बुडवलं तर बुळबुळीत. वासही गोडसर, उतू जाऊ पाहणाऱ्या पेजेसारखा. मी ते पाणी मोरीत ओतलं, बी फडक्यात बांधलं आणि बस पकडली. शेणवा गेलं, सरळगावला गाडी बदलली, टोकावड्याला उतरले. शेतावर वहिनीने फडकं सोडलं, दाणे हातावर घेतले आणि म्हणाली, ‘वन्सं, बी आसं गिळगिळीत का लागतं?’

‘भिजवलंय म्हणून,’ मी म्हटलं.

‘ताई भिजवीत नवत्या कंदी.’

‘ताईचं ताईपाशी. मला शिकवू नका, मी दिवसभर तेच शिकवते.’ आम्ही दोघींनी वाकून वाकून सगळं बी पेरलं.

घरी आल्यावर ताईने विचारलं, ‘टाकलास?’ मी सांगितलं, टाकला. आठ दिवसांनी विचारलं, ‘उगावला?’ मी अजून शेतावर गेलेही नव्हते. पण वालाला उगवायला आठ दिवस पुरतात हे माहीत होतं, म्हणून म्हटलं, ‘उगवला तर.’ तिचा चेहरा असा उजळला की वाकडं तोंडसुद्धा सरळ झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी गेले तर शेत मोकळं. मी काडीने उकरलं. दाणे होते तिथेच होते, पण मऊ पडून कुजलेले, पांढरी बुरशी धरलेली, मुंग्या लागलेल्या. एका चिमटीत घेतला तर त्याचा लगदा झाला. बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी उकरत गेले. सगळ्या शेतात सात रोपं उगवली होती. सात! मी ती तीनदा मोजली. मी वहिनीला वचकावून ठेवलं होतं ना, ती नुसती माझ्याकडे पाहत उभी होती. मीच म्हटलं, ‘ताईला काही सांगायचं नाही. फोन आला तरी सांगायचं नाही. मी बघते काय ते.’

काय बघणार होते मी? त्या सात रोपांभोवती चार काठ्या ठोकल्या, जुनी साडी गुंडाळली आणि परत आले.

आणि मग सुरू झालं ते रोजचं खोटं. संध्याकाळी मी घरी आले की ताई वालाची चौकशी करायची आणि मी सांगायची. दोन पानांवर आलाय. आता तिसरं पान फुटलंय. वेल धरायला लागलाय. वहिनी खुरपणी करून गेल्या. थंडी चांगली पडलीय, मानवलीय त्याला. पुस्तकातली वाढ मला पाठ, त्यामुळे खोटं बोलायला मला मुळीच जड गेलं नाही. ती डोळे मिटून ऐकायची. व्यायामाचा रबरी चेंडू ती अगोदर हातात धरायला तयार नसायची, तो ती वालाच्या गोष्टी ऐकताना दाबायला लागली. मग तर मी आणखीच बोलायला लागले. तिच्यासाठी बोलते आहे, असं मनाला सांगितलं. खरं सांगू? मला तिच्या तोंडासमोर उभं राहून ‘मी मारला’ म्हणायची भीती वाटत होती. आईसारख्या बहिणीची भीती. पन्नाशीला आलेल्या बाईला ही भीती शोभते का? शोभत नाही, पण होती.

त्याच पंधरवड्यात अकरावीला पेशीपटलाचा धडा आला. नेमका तेव्हाच. वर्गात मी नेहमी खोबरेल तेलाची बाटली नेते. शहापूरला पौषात सकाळी तेल बाटलीत गोठलेलं असतं. ती बाटली मी मुलांना उलटी करून दाखवते, तेल पडत नाही. मग तळहातांत धरून ऊब देते आणि ते सैल होऊन वाहायला लागतं. पेशीचा पडदाही स्निग्ध रेणूंचाच, दोन थर, रेणूंच्या शेपट्या आत आणि डोकी बाहेर. उबेत त्या शेपट्या हलत असतात, वळवळत असतात, आणि त्या हालचालीत क्षणाक्षणाला बारीक फटी पडतात आणि मिटतात. पाण्याचा रेणू इवलासा, तो त्या फटींतून सटकतो. प्राणवायू सटकतो. साखरेसारखा मोठा रेणू सटकू शकत नाही, आणि क्षारांचे भारित कण तर नाहीच, त्यांना वेगळी दारं लागतात. थंडी पडली की शेपट्या एकमेकींना चिकटून ताठ होतात, पडदा आखडतो, पाण्याची ये-जा मंदावते. बावीस वर्षं हेच, याच शब्दांत.

पहिल्या बाकावर डोळखांबकडची एक मुलगी बसते, प्रश्न विचारून जीव खाते. तिने हात वर केला. ‘मॅडम, पण तेल गोठतं तेव्हा बाटलीत त्याला भेगा पडतात. पडद्याला नाही पडत?’

मी म्हटलं, ‘जिवंत पेशी पाण्याने भरलेली असते, तिचा पडदा...’ आणि तिथेच थांबले. पाण्याने भरलेली असते. आणि भरलेली नसली तर? सुकवून सुकवून दगड केलेली असली तर? मुलं माझ्याकडे बघत राहिली. मी खडू खाली ठेवला आणि त्यांना पुढचा परिच्छेद वाचायला सांगितला.

दुपारी प्रयोगशाळेत मी बाजारातला वाल घेऊन बसले. दोन दिवस तो त्या पांढऱ्या पुड्यांबरोबर बरणीत सुकवला. मग तीन पेले. पहिल्यात कोमट पाणी आणि दाणे. दुसऱ्यात बर्फाचं पाणी आणि दाणे. तिसऱ्यासाठी आधी दाणे ताईसारखे ठेवले, ओल्या फडक्याखाली, न टेकता, उबेला, एक दिवस, आणि मग त्यांवर तेच बर्फाचं पाणी. दुसऱ्या दिवशी पहिल्या पेल्यातलं पाणी जरा गढूळ. तिसऱ्यातलं जवळजवळ नितळ. दुसऱ्यातलं दुधट, वर फेस. मी बोट बुडवलं. तोच गिळगिळीतपणा, तोच वास. प्रयोगशाळेत जिभेला काही लावू नका म्हणून मी पोरांवर ओरडते, पण मी ते बोट जिभेला लावलं. गोडसर लागलं.

तेव्हा सगळं कळलं. बी सुकतं तेव्हा पडद्यातलं पाणी जातं, शेपट्या दाटून ताठ होतात आणि पडदा नीट पडदा म्हणून उरत नाही. पुन्हा ओल लागली की तो सैल होतो, हलायला लागतो, फटी बुजवतो. पण त्याला ऊब लागते आणि सवड लागते. हवेतली ओल घोटघोट मिळाली की पाणी येण्याआधीच तो पूर्ववत झालेला असतो. मी त्याला ना ऊब दिली ना सवड. ताठ, भेगाळलेल्या पडद्यावर गार पाणी एकदम ओतलं. पाणी सावकाश तर गेलं नाहीच, धो धो घुसलं, आणि आतली साखर, आतले क्षार, कोंबाची सगळी शिदोरी बाहेर वाहून आली. उरलेल्या चोथ्यावर बुरशी जगली. पुस्तकात लिहिलेलं सगळं खरं होतं, मी ते अर्धं वाचलं होतं. मोरीत ओतलं ते नुसतं पाणी नव्हतं. मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसून राहिले. बाहेर शिपाई दोनदा टकटक करून गेला.

त्या संध्याकाळी तरी सांगायला हवं होतं. सात रोपं अजून उभी होती. पण घरी गेले तर ताईने चेंडू हातात धरूनच विचारलं, ‘फुलला?’ आणि मी म्हटलं, ‘फुलला.’

संक्रांत झाली आणि वहिनीचा फोन आला. मोकळी गुरं आली, साडी ओढून काढली, सातही रोपं खाल्ली. ती रडवेली झाली होती. ‘वन्सं, ताई दरवर्साला करवंदीच्या काट्या तोडून कुपान घालत्यात. तुमी सांगा नको म्हनालात, मंग मी तरी कुनाला विचारू? मला वाटलं तुमी काय ते बघताय.’ ताईला खरं सांगितलं असतं, तर तिने त्याच क्षणी वहिनीला फोन लावायला लावून काट्या आणवल्या असत्या. सात वेलांवर ओंजळभर बी नक्की धरलं असतं. पहिल्यांदा बी अज्ञानाने गेलं, दुसऱ्यांदा माझ्या भित्रेपणाने गेलं. दुसऱ्याला क्षमा नाही.

माघात ताई म्हणाली, ‘शेंगा आल्या आस्तील. आन थोड्या. सोलते.’ तिचा उजवा हातही आता थोडाफार चालत होता. मी बाजारात गेले, वालाच्या शेंगा घेतल्या, पिशवी बदलली, कोवळी पानं लागलेल्या शेंगा मुद्दाम वर ठेवल्या. इतकं सगळं केलं. घरी येऊन तिच्यापुढे सुपात ओतल्या आणि म्हटलं, ‘घे, तुझ्या शेतातल्या.’

तिने एक शेंग मांडीवर दाबून धरली, डाव्या अंगठ्याने उकलली आणि दाणा बाहेर काढला. बराच वेळ त्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. रागाने नाही. ज्या नजरेने ती मला लहानपणी, गूळ खाऊन तोंड पुसून आले की पाहायची, त्या नजरेने.

‘ह्यो आपला नाय,’ ती म्हणाली.

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. पुड्या, फ्रीज, गार पाणी, मोरी, कुजलेले दाणे, सात रोपं, साडी, गुरं. रोजची दोन पानं आणि तीन पानं आणि फुलोरा. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, सुपातल्या शेंगांकडे बघत होते. संपल्यावर ती म्हणाली, ‘आयचा व्हता.’ एवढंच. मग विचारलं, ‘कशानं मेला?’

मी तिला समजावलं. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या बहिणीला, जिने मला शिकवलं तिला, मी काय शिकले ते सांगितलं. पाटीवर पडदा काढून दाखवला. खोबरेल तेलाची बाटली आणून दाखवली. ऊब आणि हवेतली ओल आधी मिळाली तर पडदा कसा सावरतो, आणि म्हणून टोपलीत, चुलीपाशी, गोणपाटाखाली बी कसं तरतं, तेही सांगितलं. तीन पेल्यांचं सांगितलं. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. आणि मग, माझा स्वभाव बघा, अपराध माझा आणि चिडले मीच. म्हटलं, ‘पण तुला ठाऊक होतं ना घाम आणायचा असतो? मग तू मला ठणकावून का नाही सांगितलंस? नुसतं हळूच काय विचारलंस? ओरडायचंस की माझ्यावर!’

ती थांबत थांबत बोलली. जीभ जड, त्यामुळे एकेक शब्द वेगळा पडत होता. ‘तू कालेजात व्हतीस. तुझ्या मैतरनी आल्या व्हत्या, वालाचं बिरडं खाया. टोपली बघून तू हसलीस गो. बियाला घाम येतो म्हनं, आसं बोललीस. त्या बी हसल्या.’

मी म्हटलं, ‘कधी?’

‘तवापास्नं तू येनार आसलीस का मी टोपली गोठ्यात न्यायची. तुला दिसाया नको म्हनून. वाटलं, आपलं अडान्याचं काम. तू शिकलेली.’

मला तो दिवस आठवत नाही. त्या मैत्रिणी आठवतात, त्यांच्या साड्या आठवतात, बिरडं कोणी दोनदा वाढून घेतलं ते आठवतं. हसलेलं आठवत नाही. तिला तीस वर्षं आठवत होतं आणि तीस वर्षं ती दर मार्गशीर्षात माझ्यापासून लपून, गोठ्यात, शेणाच्या वासात, बरोबर तेच करत होती.

‘म्हंजे,’ ती म्हणाली, ‘मी बरोबर करत व्हते?’

‘बरोबर करत होतीस, ताई.’

‘तुज्या पुस्तकापरमानं?’

‘हो, पुस्तकाप्रमाणे. अगदी बरोबर करत होतीस.’

आई गेली तेव्हा मी ताईला रडताना पाहिलं नव्हतं, भावोजी गेले तेव्हाही नाही. त्या दिवशी ती बाजारातल्या शेंगांचं सूप मांडीवर घेऊन रडली आणि तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं.